हरल्यानंतरचं दीड मिनिट: व्हॅलोरंट, बीजीएमआय, क्लॅश रॉयल आणि लिचेस

गेमचे रिव्ह्यू ग्राफिक्सवर होतात, बंदुकांच्या फीलवर होतात, नव्या स्किनच्या किमतीवर तर हमखास होतात. हरल्यावर गेम माणसाशी कसा वागतो, हे मात्र कुणी तपासत नाही. रँक खेळणाऱ्याचा निम्मा वेळ तर हरण्यातच जातो. मॅचमेकिंग नीट चालत असेल तर जिंकण्याचं प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आसपास येऊन थांबतं, तेच त्याचं काम. महिन्याला चाळीस मॅच खेळणारा महिन्याला वीस पराभव घरी आणतो. त्या वीस संध्याकाळी काय आवाज येतात, ते घोडबंदर रोडच्या कुठल्याही टॉवरमध्ये शेजाऱ्यांना विचारा. भिंती पातळ आहेत.

म्हणून इथे चार गेम घेतलेत आणि कसोटी एकच लावली आहे: पराभवाचा स्क्रीन आल्यापासून पुढची ९० सेकंद. स्कोअरबोर्ड, गेलेले पॉइंट, लॉबी आणि पुन्हा 'प्ले', हा सगळा प्रवास साधारण तेवढ्यात उरकतो. त्या दीड मिनिटात डोळ्यांपुढे काय येतं, कानात काय पडतं आणि बोट कुठल्या बटणाकडे ओढलं जातं, यावर पुढची मॅच शांत डोक्याने होणार की नाही हे बऱ्यापैकी ठरतं. पैसे लावून खेळायचे गेम यात नाहीत. त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आली, आणि तिथल्या रागाचा हिशोबही वेगळा.

सुरुवात व्हॅलोरंट या पाच विरुद्ध पाच नेमबाजीच्या गेमपासून, कारण सगळ्यात जास्त कीबोर्ड याच्यापायी आपटले जातात.

आधी १३ राऊंड जिंकेल त्याची मॅच. १२-१२ झाले तर ओव्हरटाइम, आणि तिथे दोन राऊंडची आघाडी लागते. म्हणजे चुरशीची मॅच सहज ४० मिनिटं खाते. एवढा वेळ घालवून हरल्यावर सगळ्यात आधी समोर येतो तो स्कोअरबोर्ड, आणि इथेच गेम बनवणाऱ्या रायट कंपनीने आगीत तेल ओतलंय. यादी कॉम्बॅट स्कोअरप्रमाणे लागते. तो स्कोअर मुख्यतः डॅमेज आणि किलवर चालतो. ज्याने अख्खी मॅच वेळेवर स्मोक टाकले, दुसऱ्याला हील दिलं, साइट धरून ठेवली, तो बिचारा तळाला दिसतो. मग शोध सुरू होतो, 'कुणामुळे हरलो?' उत्तर तयारच असतं: तळातलं नाव. ते नाव दुसऱ्याचं असेल तर शिव्या, आपलं असेल तर माउस टेबलावर.

त्यानंतर आरआर, म्हणजे रँक रेटिंगचे पॉइंट. रँकच्या एका पायरीला १०० आरआर, आणि साधारण पराभवाला पंधरा ते पंचवीस जातात. बार मागे सरकताना ॲनिमेशन दिसतं. जखमेवर मीठ कसं चोळावं, याचं यापेक्षा चांगलं प्रात्यक्षिक सापडणार नाही. आणि लगेच खाली 'प्ले अगेन'. दीड मिनिट संपायच्या आत आपण पुन्हा रांगेत.

इथे एक साधा हिशोब करून भिंतीवर चिकटवावा. रागात सलग चार मॅच हरल्या, प्रत्येकी २० गेले, एकूण ८०. ते भरून काढायला प्रत्येकी २० मिळवत चार मॅच जिंकाव्या लागणार, म्हणजे ४० मिनिटांच्या हिशोबाने २ तास ४० मिनिटं, तीही एकही न हरता. पन्नास टक्के जिंकणाऱ्याला सलग चार जिंकण्याची शक्यता सोळात एक. 'गेलेले आरआर आजच परत आणतो' हे वाक्य रात्री साडेअकराला बोलणाऱ्याने हा आकडा पाहावा. दोन मॅच सलग हरल्या की उठायचं, हा नियम जुने खेळाडू सांगतात तो यासाठी. तिसरी मॅच आपण जिंकायला खेळत नसतो, वसुलीला खेळत असतो.

गंमत म्हणजे मॅचच्या आत हाच गेम हरणाऱ्याशी फार दयाळू आहे. राऊंड हरल्यावर हत्यारं घ्यायला १९०० क्रेडिट मिळतात, सलग दुसरा हरलात तर २४००, तिसरा तर २९००. हरणाऱ्याला वाढवून पैसे देणारा सावकार कुठे बघितलाय? पण ही दया घ्यायला डोकं थंड लागतं. पहिला, म्हणजे पिस्तूल राऊंड हरलात, १९०० आले. किलचे पैसे बाजूला ठेवू. दुसऱ्या राऊंडला काही न घेता हरलात तर १९०० अधिक २४००, म्हणजे ४३००. त्यात वँडल रायफल २९०० ला, जड शील्ड १००० ला, वर ४०० उरतात ॲबिलिटीला. तिसऱ्या राऊंडला संघ पूर्ण हत्यारांनिशी उभा. आता तेच चिडून करा. दुसऱ्या राऊंडला १९०० ची जी येईल ती एसएमजी (छोटी मशीनगन) घेतली, हरलो. हातात २४००. वँडलसुद्धा येत नाही. एका राऊंडच्या रागाने तिसरा राऊंडही गेला, आणि पाचातल्या दोघांनी घेतलं, तिघांनी वाचवलं असं झालं तर चौथाही धड नाही. राग किती क्रेडिटला पडतो हे इतक्या स्वच्छ आकड्यांत दाखवणारा गेम विरळा. त्याबद्दल व्हॅलोरंटला आमच्याकडून पूर्ण गुण.

मेल्यावर काय करायचं, तेही इथे बसवता येतं. राऊंड १०० सेकंदांचा, खरेदीची वेळ ३० सेकंदांची. लवकर मेलात तर बराच वेळ हात रिकामे असतात, आणि तोंड चालू होतं ते तेव्हाच. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, असे दहा श्वास म्हणजे बरोबर एक राऊंड. नुसत्या खरेदीच्या वेळेत तीन बसतात. बाहेर सोडायचा श्वास लांब ठेवायचा. उलट केलं तर छाती भरून येते आणि खांदे आणखी वर चढतात. माउसवरचा हातही या वेळात पूर्ण उचलून मांडीवर ठेवावा. घट्ट मुठीत माउस धरून लांबचा नेम लागत नाही. नेम चुकला की मूठ आणखी आवळते, आणि मग माणूस सेटिंग्जमध्ये जाऊन सेन्सिटिव्हिटी बदलतो. हरल्याच्या दिवशी सेन्सिटिव्हिटीला हात लावायचाच नाही. दुसऱ्या दिवशी नवा आकडाही परका वाटतो आणि जुनाही.

आवाज बंद करायची सोय चांगली आहे, पण लोक ती उशिरा वापरतात. मॅच चालू असताना एस्केप दाबलं की खेळाडूंच्या नावांसमोर आवाज आणि मजकूर वेगवेगळे बंद करता येतात. पहिली शिवी आली की त्याच क्षणी बंद करावं, 'एकदा उत्तर देतो आणि मग करतो' असं नको. ते एक उत्तर फार महागात पडतं. पिंग, म्हणजे नकाशावरच्या खुणा, चालू राहतात, त्यामुळे शत्रू कुठे आहे ते कळत राहतं. जनरल सेटिंग्जमध्ये नको असलेल्या शब्दांची आपली यादी भरायची जागाही आहे. रोमन लिपीत लिहिलेल्या मराठी-हिंदी शिव्या, त्यांची चार-चार स्पेलिंगं, आपल्याच हाताने भरावी लागतात. दहा मिनिटांचं काम, आणि मनोरंजकही.

हरण्यातून काही शिकायचं तर २०२५ मध्ये पीसीवर रिप्ले (झालेली मॅच पुन्हा बघायची सोय) आला, तो मोठा आधार. फक्त रात्री त्याच तंद्रीत तो बघू नये. सकाळी बघितला की कळतं, आपण ज्याला 'टीममेटची चूक' म्हणत होतो त्या राऊंडला आपणच एकटे कोपऱ्यातून डोकावलो होतो. व्हॅलोरंट: ५ पैकी ३.

जाता जाता काउंटर-स्ट्राइक २ या अशाच नेमबाजीच्या गेमचं एक कौतुक. त्याच्या प्रीमियर मोडमध्ये जिंकलात तर किती मिळणार आणि हरलात तर किती जाणार, ते मॅचच्या आधीच दाखवतात. धक्का आधी सांगून दिला की कमी बसतो. बाकीच्यांनी ही एक गोष्ट उचलायला हरकत नाही.

आता इंटरनेटबद्दल, कारण हरल्यावर पहिला आरोपी तोच असतो. नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण ऑनलाइन गेमसाठीच केली असावी. ठाणे-नवी मुंबईकराला तर ही सबब फारशी शोभत नाही. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइकचे सर्व्हर मुंबईत आहेत. कोपरखैरणे किंवा मानपाड्याहून चांगल्या फायबरवर पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) एक आकडी ते वीस मिलिसेकंदांच्या आत असतो. नागपूरच्या खेळाडूला हेवा वाटावा असं आपलं अंगण.

पण अंगण कधी कधी खरंच वाकडं असतं, आणि ते दोन मिनिटांत तपासता येतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राउटरला सतत पिंग लावा (बहुतेक घरांत पत्ता १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, शेवटी हायफन टी), दुसरीत ८.८.८.८ ला. राउटरचाच पिंग एक-दोन मिलिसेकंदांवरून मध्येच ८० वर उडत असेल तर दोष घरातल्या वाय-फायचा आहे, कंपनीला फोन करून उपयोग नाही. राउटरचा स्थिर आणि फक्त बाहेरचा उडत असेल तर लाइनचा दोष. मग तक्रार करा, आणि दोन्ही खिडक्यांचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.

वाय-फायचा दोष का असतो? संध्याकाळी आठला मोबाइलवर नेटवर्कची यादी उघडा, शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीसेक नावं दिसतील. २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. वीस राउटर त्या तीन गल्ल्यांत घुसलेत. पाच गिगाहर्ट्झवर गेलात की गर्दी कमी होते, पण भिंतीपलीकडे तो पट्टा लवकर दमतो. खरा उपाय केबल. हॉलमधल्या राउटरपासून आतल्या खोलीपर्यंत दाराच्या चौकटीकडेने कॅट ६ केबल ओढायला पंधरा-वीस मीटर पुरतात. आई म्हणेल, घर वायरींनी भरलं. पांढरी केबल घ्या, कडेने क्लिपा मारा, दोन दिवसांत तिचं लक्ष जाणार नाही.

दुसरा चोर म्हणजे अपलोड. बाबांच्या फोनचे फोटो क्लाउडवर चढत असतील किंवा दारावरचा कॅमेरा रेकॉर्डिंग पाठवत असेल, तर राउटरमध्ये पॅकेटांची रांग लागते आणि आपली गोळी त्या रांगेत मागे उभी राहते. डाउनलोडचा वेग तपासला तर सगळं छान दिसतं, म्हणून माणूस आणखी चिडतो. राउटरमध्ये क्यूओएस (कुणाला किती वेग द्यायचा ते ठरवणारी सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५-९० टक्क्यांवर ठेवा. नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री दोननंतर. राउटरला छोटा यूपीएस घ्यायचा असेल तर ॲडॅप्टरवरचा आकडा आधी वाचा. बहुतेक राउटर १२ व्होल्टचे, पण अँपिअर १, १.५ किंवा २ असे वेगवेगळे. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही त्याच यूपीएसवर घ्यावं लागतं. इमारतीतल्या ऑपरेटरच्या पेटीला बॅकअप नसेल तर मात्र हा सगळा खटाटोप फुकट. तेवढं आधी वॉचमन काकांना नाहीतर केबलवाल्याला विचारून घ्या.

गेमिंग कॅफेत खेळणाऱ्यांचा त्रास वेगळाच. वाशी असो की ठाणे स्टेशनचा परिसर, तिथला माउस कुणाच्या तरी डीपीआयवर (पॉइंटर किती झपकन सरकतो त्या आकड्यावर) सोडलेला असतो. आपला ८०० चा सराव, तिथे १६०० निघाला, की पहिल्या तीन राऊंडात डोक्याला न लागलेल्या गोळ्यांचा राग उरलेल्या मॅचभर पुरतो. आपला माउस न्या, विंडोजमधलं पॉइंटर प्रिसिजन बंद करा, प्रॅक्टिस रेंजमध्ये पाच मिनिटं घालवा आणि मग रँक लावा. तासाचे पैसे आगाऊ भरलेले असले की दोन पराभवांनंतर उठणं जिवावर येतं. उरलेला वेळ डेथमॅचमध्ये घालवा, तिथे जायला आरआर नसतात.

बीजीएमआय, म्हणजे फोनवरचा बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया. त्याचा राग व्हॅलोरंटसारखा नाही. इथे हरणं हाच नियम आहे, तेच लोक विसरतात. शंभर जण उतरतात, चौघांचा स्क्वॉड धरला तर २५ संघ. सगळे सारख्या ताकदीचे असते तर चिकन डिनर, म्हणजे विजय, २५ मॅचमध्ये एक. खालच्या टियरला बॉट (कॉम्प्युटरने चालवलेले खेळाडू) असतात म्हणून सुरुवातीला जिंकणं सोपं जातं, आणि तीच सवय घात करते. क्राउन या टियरच्या पुढे बॉट कमी होतात आणि माणसाला वाटतं, आपला फॉर्म गेला. फॉर्म होता तिथेच असतो.

क्लासिक मोडमध्ये रेटिंग नुसत्या किलवर चालत नाही, किती वेळ जिवंत राहिलात आणि कितवे आलात यालाही वजन आहे. पोचिंकीसारख्या गर्दीच्या जागी उडी मारून दोन मिनिटांत मेलेल्याचे पॉइंट बदाबदा जातात. आणि मरण इतक्या लवकर येतं की पुढची मॅच लावायला वेळच वेळ. अर्ध्या तासाच्या गेममध्ये दहा मिनिटांत तीनदा मरायची सोय आहे, रागाचा सापळा नेमका इथे. उपाय साधा: एक हॉट ड्रॉप (अशी गर्दीतली उडी) फसला की पुढची मॅच नकाशाच्या कडेला उतरून खेळायची. पहिल्या दहामध्ये येण्याचंच ध्येय. लूट करता करता नाडी खाली येते.

थर्ड पार्टी होण्याचा राग न्याय्य आहे. दोघांची लढाई जिंकून रिव्हाइव करताना तिसरा संघ येऊन साफ करतो. पण तो अन्याय नव्हे, गोळीबाराच्या आवाजाने दिलेलं आमंत्रण आहे. लढाई लांबली की कुणीतरी येणारच असं धरून चालावं, स्मोक आधी टाकावा, रिव्हाइव मागाहून.

फोनचीही यात चूक असते. मे महिन्यातल्या ऐरोलीत, चार्जिंगला लावून, जाड कव्हरात, ब्राइटनेस पूर्ण ठेवून खेळलात तर फोन तापतो, प्रोसेसर स्वतःला आवरतो आणि ऐन शेवटच्या झोनमध्ये फ्रेम पडतात. कव्हर काढा, चार्जर काढा, फ्रेम रेट 'स्मूद'सोबत जेवढा स्थिर राहतो तेवढाच ठेवा. घामाने अंगठा चिकटत असेल तर थंब स्लीव्ह. लोकलमध्ये रँक नको. धावत्या गाडीत मध्येच नेटवर्क जातं. तुमचा खेळाडू उघड्यावर पुतळ्यासारखा उभा राहतो आणि बाकीचे तिघे तुमच्या नावाने बोटं मोडतात.

जुलै २०२१ मध्ये आलेला हा गेम जुलै २०२२ मध्ये स्टोअरवरून गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. तेव्हा १८ च्या खालच्यांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा घातली गेली. मर्यादा आहे हे बरं, पण सहा तास म्हणजे जवळपास पूर्ण पाळी. रागाच्या चौथ्या मॅचला 'बस कर' म्हणणारं काही त्यात नाही. व्हॉइसमध्ये अनोळखी लोकांना बंद करणं सोपं आहे, म्हणून थोडी कीव. ५ पैकी २.५.

क्लॅश रॉयल या फोनवरच्या टॉवर पाडायच्या गेमवर फार लिहिण्यासारखं नाही, एकच गोष्ट बोलायची: हसणारा राजा. पूल ओलांडून आपला टॉवर पाडल्यावर समोरचा तो इमोट तीनदा दाबतो आणि तळपायाची आग मस्तकात जाते. लढाईतच इमोट म्यूट करायचं बटण आहे. पहिल्या पाच सेकंदांत दाबा, हरायला लागल्यावर नको. तेव्हा दाबलं तरी राजा डोळ्यांपुढे हसतच राहतो. मॅच तीन मिनिटांची, वर थोडा जादा वेळ. म्हणूनच हा चौघांत सगळ्यात घातक. 'अजून एकच' म्हणायला काही किंमत मोजावी लागत नाही, आणि तासाभरात पंधरा वेळा हरता येतं. ट्रॉफी गेटच्या (एकदा गाठलेल्या पायरीच्या) खाली घसरत नाही एवढाच दिलासा. ५ पैकी १.५.

लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटला इथे आणल्याबद्दल शूटरवाले नाक मुरडतील. बुद्धिबळात कसला राग? एका मिनिटाच्या बुलेटमध्ये वजीर फुकट देऊन बघा. टीममेट नाही, पिंगची सबब लंगडी, नशीब नाही. दोष टाकायला जागाच नसल्यामुळे हा राग सरळ स्वतःवर येतो आणि म्हणून जास्त कडू असतो.

पण २०१० पासून फुकट चालणाऱ्या, जाहिराती नसलेल्या या साइटने हरणाऱ्याची जेवढी काळजी घेतलीय तेवढी कुठल्याच श्रीमंत कंपनीने घेतलेली नाही. खेळताना कीबोर्डवर झेड दाबा, झेन मोड लागतो: नाव, रेटिंग, चॅट सगळं गायब, फक्त पट आणि घड्याळ. प्रेफरन्सेसमध्ये जाऊन रेटिंग दाखवणंच बंद करता येतं. मग हरल्यावर किती पॉइंट गेले ते दिसतच नाही. आकडा मागे चालू असतो, जोड्या बरोबर लागत राहतात, पण तो तुमच्या तोंडावर फेकला जात नाही. बारला मागे ढकलणारं व्हॅलोरंटचं ॲनिमेशन आठवा आणि हे बघा. डाव संपल्यावर कॉम्प्युटर ॲनालिसिस मागितलं की 'चुकांमधून शिका' असा पर्याय येतो. आपलीच चुकलेली चाल पुन्हा पटावर मांडून 'यापेक्षा चांगली शोध' म्हणतो. सापडली की राग कुठे गेला ते कळत नाही. त्याच दीड मिनिटात बोटाला 'नवा प्रतिस्पर्धी'शिवाय दुसरं काम देणारा चौघांतला हा एकटाच. राजीनाम्याआधी विचारणारी खूणही चालू ठेवा, चिडून सोडलेले निम्मे डाव अजून जिवंत असतात.

वेळ निवडताना मात्र लिचेस तुम्हाला वाचवत नाही. रात्री एक मिनिटाचे डाव खेळणाऱ्याला झेन मोडही तारणार नाही. १०+५ (दहा मिनिटं, वर प्रत्येक चालीला पाच सेकंद) किंवा १५+१० घ्या, चालीमागे मिळणारे सेकंद घड्याळाचा राग काढून घेतात. ५ पैकी ४.५. अर्धा गुण बुलेटचं बटण इतक्या वर ठेवल्याबद्दल कापला.

राग बाहेर काढावा म्हणून उशी बडवणं, कीबोर्ड आपटणं, जिना धावत चढणं, हे सल्ले गेमिंगच्या ग्रुपवर फार फिरतात. २०२४ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी १५४ अभ्यासांचा, १०,१८९ लोकांचा एकत्रित आढावा घेतला. शरीराची उत्तेजना खाली आणणाऱ्या गोष्टींनी राग उतरला: श्वसन, ध्यान, योग, शिथिलीकरण. उत्तेजना वाढवणाऱ्या गोष्टींनी एकूणात उतरला नाही, आणि धावण्याने उलट वाढण्याकडे कल दिसला. म्हणजे हरल्यावर तलावपाळीला जायचं तर रेंगाळत जा, मासुंद्याला वेगात फेऱ्या मारायला नको. आणि मॉनिटरवर हात उगारण्याआधी हे आठवा की पॅनेलला पडलेला तडा वॉरंटीत बसत नाही.

डोक्यातल्या वाक्याचं काय? मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची आरईबीटी (विवेकनिष्ठ विचारांची) पद्धत मराठीत घरोघरी नेली ती ठाण्याचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. आनंद नाडकर्णी यांनी. त्यांची आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था १९९० पासून ठाण्यात काम करते आहे. पद्धतीचं सार आपल्या भाषेत एका अक्षरात सापडतं: 'च'. 'मी जिंकायलाच पाहिजे', 'त्याने स्मोक टाकायलाच हवा होता', 'डायमंड रँक आजच'. हा 'च' काढून वाक्य पुन्हा म्हणा. 'मला जिंकायला आवडेल.' वाईट वाटणं राहतं, रग जाते. रांगेत थांबलेले असताना वाक्य मोठ्याने म्हणून 'च' मोजायला वेळ भरपूर असतो. आणि राग मॅचपुरता न राहता घरातल्यांवर हात उगारण्यापर्यंत, झोप आणि कॉलेज बुडण्यापर्यंत गेला असेल, तर सेटिंग्ज पुरणार नाहीत. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं.

शेवटी घरच्यांसाठी थोडं, कारण वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते त्यांच्यावर. मॅचच्या मध्ये राउटर बंद केला तर मुलाला एएफकेची (मॅच अर्धवट सोडल्याची) शिक्षा लागते, चार अनोळखी लोकांच्या शिव्या पडतात, आणि तो उठतो तो दुप्पट चिडून. 'आत्ता बंद कर'लाही उपयोग नसतो, या गेमना पॉज नाही. व्हॅलोरंटला पाऊण तास धरा, बीजीएमआयला अर्धा, क्लॅशला पाच मिनिटं. दारातून विचारायचं ते एवढंच, "स्कोअर किती झालाय रे?" तो म्हणाला, "नऊ-अकरा," तर दोन राऊंडात संपू शकते किंवा चार राऊंड आणि वर ओव्हरटाइमही लागू शकतो. भाकऱ्या थापायला घ्या. "बारा-बारा" म्हणाला तर गॅस बारीक करा, आणि मॅच संपल्यावर निकाल विचारू नका. तो चेहऱ्यावर असतोच.